एकच कमान अठरा वेळा: रिपिटिशनची सिरीज कागदावर आणि मग स्क्रीनवर कशी करायची

रिपिटिशनवर, म्हणजे एकच आकार परत परत काढण्यावर, काम करतोय म्हणून लोक जे दाखवायला आणतात त्यात दोन प्रकार हमखास असतात. पहिला म्हणजे एक आकार नीट काढला, मोबाईलवर फोटो मारला, फोटोशॉपमध्ये घेतला आणि कॉपी-पेस्ट करून पानभर पसरवला, झाली सिरीज. दुसरा बरोब्बर उलटा, प्रत्येक चौकटीत रंग वेगळा, आकार वेगळा, अँगल वेगळा, मग नक्की काय परत परत येतंय हेच बघणाऱ्याला कळत नाही. दोन्हीचं मूळ एकच. काय तसंच ठेवायचं आणि काय बदलायचं हे ब्रश उचलायच्या आधी ठरलेलं नसतं.

हात परत परत तेच करायला गेला की फरक आपोआप पडतो, मशीनमध्ये फरक मुद्दाम घालावा लागतो. म्हणून आधी कागद, मग स्क्रीन. हा क्रम उलटा करू नका.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतलंय म्हणजे मापं हवेत राहणार नाहीत. सांगलीचा कृष्णा नदीवरचा आयर्विन पूल. पूर आला की अख्खं गाव या पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं ते मोजत असतं, ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी साडेसत्तावन फुटांच्या आसपास गेलं होतं. तर ४० पासून ५७ पर्यंत दर फुटाला एक चौकट, म्हणजे १८ चौकटी. कमान तीच, पाणी वर. तुम्ही पुलाऐवजी तासगावच्या बेदाणा शेडमधले रॅक घ्या नाहीतर मिरजेत सतारीसाठी रचून ठेवलेले भोपळे घ्या, पद्धत बदलत नाही.

सामान

ए-थ्री साइजचा ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कागद, शक्यतो दोन, एक ट्रायलला. कागदापेक्षा मोठा बोर्ड. ६० सेंटीमीटरची स्टीलची पट्टी (३० ची चालणार नाही, का ते पुढे येतं). १२ मिलीमीटर रुंदीचा मासकिंग टेप. एचबी पेन्सिल. ॲक्रिलिक रंग. झाकण लागणाऱ्या छोट्या डब्या. जुनी एक्स-रे फिल्म, स्टेन्सिलसाठी. बटर पेपर.

पोस्टर कलर स्वस्त आणि कुठल्याही स्टेशनरीत मिळतात हे मान्य, पण या कामाला नको. पोस्टर कलर वाळल्यावरही पाण्याने परत सुटतो, त्यामुळे कमानीच्या काळ्यावर पाण्याचा मातकट रंग लावला की खालचा काळा वर येतो आणि अठराही चौकटीत चिखल होतो. ॲक्रिलिक एकदा वाळला की हलत नाही.

टप्पा १: नियम कागदावर लिहा

चार-पाच ओळी पुरतात, पण लिहायच्या. डोक्यात ठेवलेला नियम सातव्या चौकटीपर्यंत टिकत नाही. आपल्या उदाहरणाचा असा होईल:

तसंच राहणार: कमानीचा आकार, तिची जागा, आभाळाचा रंग, ब्रश.
बदलणार: फक्त पाण्याची पातळी, दर चौकटीला ३ मिलीमीटर वर.
चुकलं तर: पुसायचं नाही, वरून रंगवायचं नाही.
कुठे थांबायचं: ५७ ला.

बदलणारी गोष्ट एकच ठेवा. पहिल्या सिरीजला तर एकच. पोलिश चित्रकार रोमान ओपाल्का १९६५ पासून मरेपर्यंत एकापासून पुढचे आकडे रंगवत राहिला, कॅनव्हास कायम १९६ बाय १३५ सेंटीमीटर, आणि १९७२ पासून प्रत्येक नवीन कॅनव्हासची बॅकग्राउंड आधीच्यापेक्षा एक टक्क्याने जास्त पांढरी. एवढा बारीक बदल, तरी तो जाणवतो, कारण बाकीचं काहीच हलत नाही. बदल ठळक करायचा असेल तर बदल वाढवत बसू नका, बाकीचं गच्च धरा.

तपासा: लिहिलेला नियम दुसऱ्या कुणाला दिला तर तो तुम्हाला न विचारता पुढची चौकट काढू शकेल का? नसेल तर नियम अर्धवट आहे.

टप्पा २: आकार गाळून घ्या

घाटावर जाऊन बसा, चार-पाच स्केच करा, फोटोवरून नको. फोटोत दिव्याचे खांब, वायरी, कठड्यावरची पोरं सगळं येतं आणि सोडवत नाही. अठरा वेळा काढायचंय हे लक्षात ठेवून आकार निवडा. दोन मिनिटात न बघता काढता यायला पाहिजे. कमानीची आतली रेघ, दोन बाजूचे खांब, वरची आडवी पट्टी, बस्स.

मग तो आकार ५ बाय ७ सेंटीमीटरच्या चौकटीत बसवा, कमानीचं टोक तळापासून ५ सेंटीमीटरवर. एक्स-रे फिल्मवर ट्रेस करून कटरने कापा. ही स्टेन्सिल फक्त पेन्सिलची खूण करायला आहे. तिच्यातून रंग भरला की अठरा छाप मिळतात, चित्र नाही, आणि मग पहिल्या परिच्छेदातल्या कॉपी-पेस्टवाल्यात आणि तुमच्यात फरक राहत नाही. खूण स्टेन्सिलने, रंग मोकळ्या हाताने.

टप्पा ३: चौकटी आखणं

इथे घाई करतात आणि पुढचं सगळं तिरकं जातं. ए-थ्री आडवा धरला तर ४२ बाय २९.७ सेंटीमीटर. आडव्या ६ चौकटी, उभ्या ३. मधली फट १२ मिलीमीटर, म्हणजे टेपच्या रुंदीएवढीच, टेप कापत बसायला नको.

डावीकडून आडव्या खुणा अशा येतात: ३, ८, ९.२, १४.२, १५.४, २०.४, २१.६, २६.६, २७.८, ३२.८, ३४, ३९. उजवीकडेही ३ सेंटीमीटर उरतात. वरून खाली ३.१५ सोडून ७ ची चौकट, १.२ फट, ७, १.२, ७.

पट्टी एकदाच ठेवायची आणि सगळ्या खुणा शून्यापासून करायच्या. दर चौकटीला पट्टी सरकवून पाच-पाच मोजत गेलात तर प्रत्येक वेळी अर्धा मिलीमीटर इकडे-तिकडे होतो आणि सहाव्या चौकटीपर्यंत तो साठत जातो. म्हणून ६० ची पट्टी. खुणा वरच्या कडेला एकदा, खालच्या कडेला एकदा, मग जोडायच्या.

तपासा: सगळ्यात बाहेरच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही साधारण ४२.९ सेंटीमीटर आले पाहिजेत. एक मोठा एक छोटा आला तर ग्रिड तिरकी आहे, फटींवर टेप लावायच्या आधी पुसा.

आता पाण्याच्या खुणा. कागदाच्या एका पट्टीवर तळापासून १० मिलीमीटरला ४० लिहा, मग दर ३ मिलीमीटरला पुढचा आकडा. ५७ येतो ६१ मिलीमीटरला. ४५ पंचवीसवर. ५३ ला पाणी कमानीच्या टोकाच्या जेमतेम खाली राहतं आणि ५४ ला कमान बुडते. हे माप चित्राचं आहे हो, खऱ्या पुलाशी जुळवायला जाऊ नका. ही पट्टी प्रत्येक चौकटीत ठेवून कडेला हलकी खूण करायची, डोळ्याने अंदाज घ्यायचा नाही.

टप्पा ४: रंग एकदमच कालवा

तीन रंग: फिकट राखाडी आभाळ, काळपट कमान, आणि पुराचं पाणी. पाणी निळं करू नका प्लीज. पुरातली कृष्णा ज्यांनी बघितलीय त्यांना माहितीय, तांबूस-मातकट रंग असतो, यलो ऑकर आणि बर्न्ट अंबरमध्ये थोडा पांढरा घातला की जवळपास येतो.

अठरा चौकटींना पुरेल त्याहून बराच जास्त कालवून झाकणाच्या डबीत ठेवा. मधेच संपला तर तोच रंग परत जमत नाही, आणि नियमात फक्त पाण्याची पातळी बदलणार असं लिहिलंय ना, मग बाराव्या चौकटीपासून पाणी जरा पिवळं दिसलं की बघणारा त्यातच अर्थ शोधत बसतो. ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतो, त्यामुळे ट्रायलच्या कागदावर लावून पूर्ण वाळू द्या आणि मगच ठरवा.

एप्रिल-मेच्या उन्हात पॅलेटवर रंग बघता बघता कातडं धरतो. ओला केलेला वर्तमानपत्राचा घडीचा कागद, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग, असं केलं की बराच वेळ टिकतो. पावसाळ्यात उलटं, वाळतच नाही, तेव्हा दोन थरांच्या मधे अंगठ्याच्या मागच्या बाजूने हलकं टेकवून बघा, गार लागलं तर अजून ओलं आहे.

टप्पा ५: रंगवायचा क्रम

सगळ्यात जास्त गोंधळ इथे, म्हणून जरा सविस्तर.

दोन पद्धती आहेत. एक, चौकट-चौकट, म्हणजे पहिली पूर्ण करायची मग दुसरी. दोन, थर-थर, म्हणजे अठराही चौकटीत आभाळ, मग अठराही कमानी, मग अठराही पाणी. दोन्ही बरोबर आहेत पण दोन्हीतून येणारं काम वेगळं असतं. चौकट-चौकट गेलात तर पहिली आणि अठरावी यात बराच फरक पडतो, हात सैल होत जातो, कमान हळूहळू घसरते, आणि ते घसरणंच चित्राचा विषय असेल तर उत्तम. पण आपल्या नियमात फक्त पाणी बदलणार आहे. मग थर-थर.

थर-थर जातानाही १ ते १८ ओळीने जाऊ नका. शेवटच्या चौकटींपर्यंत हात दमलेला असतो आणि तो सगळा थकवा उजव्या खालच्या कोपऱ्यात गोळा होतो, लांबून बघितलं की तो कोपरा वेगळ्याच माणसाने केल्यासारखा दिसतो. १८ चिठ्ठ्या करा, आकडे लिहा, उचलाल ती चौकट. थकवा पानभर विखुरला जातो. हे फालतू वाटतं, करून बघा.

आभाळ आधी, सपाट, दोन पातळ थर. मग कमान, पूर्ण, पाण्याखाली जाणारा भागसुद्धा. बुडणारच आहे तर कशाला काढायची म्हणून ५७ च्या चौकटीत कमान वरची वर काढतात, ते चुकीचं. पाणी थोडं पारदर्शक ठेवलं की खाली कमान आहे हे जाणवतं, आणि ती खरंच तिथे काढलेली असली तरच जाणवतं. पाण्यासाठी रंगात थोडं मॅट मीडियम (ॲक्रिलिक पारदर्शक करायचं बिनचमकीचं द्रावण) घाला, नुसतं पाणी ओतलं तर थर डागाळतो.

ब्रश कमानीसाठी एक, पाण्यासाठी एक, शेवटपर्यंत तेच. जरा जवळून बघा: नवीन सपाट ब्रशने कमानीची बाहेरची कड एका ओढीत येते, पण ओढ संपते तिथे उजव्या खांबाच्या पायाशी रंग जरासा साचतो, बारीक कंगोरा येतो. प्रत्येक चौकटीत तो कंगोरा थोड्या वेगळ्या जागी येईल. तो पुसू नका. पुढे स्क्रीनवर गेल्यावर सगळी जान त्यातच असते.

सावधान: एखादी चौकट बिघडली तर तिच्यावर परत रंगवू नका. जाड थर झाला की ती एकटीच चमकते आणि बाकीच्या सतरांची मेहनत वाया जाते. बिघडलेली राहू द्या, किंवा मग अख्खं पान नवीन.

टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आत काढा, कागदाला जवळजवळ चिकटून मागे ओढत. ट्रायलच्या कागदावर टेप आधी तपासला नसेल तर आता कागद सोलून येईल आणि त्याला इलाज नाही.

टप्पा ६: स्कॅन

ए-थ्री स्कॅनर नसला तरी अडत नाही. पान मधोमध २१ सेंटीमीटरला तुटतं आणि आपल्या खुणा बघा, २०.४ ते २१.६ ही फट आहे. म्हणजे साध्या ए-फोर फ्लॅटबेडवर डावा अर्धा आणि उजवा अर्धा असं दोनदा स्कॅन केलं तरी एकही चौकट कापली जात नाही. जोडायचीही गरज नाही, पुढे चौकटी सुट्याच करायच्यात. झाकण उघडं ठेवून वरून सपाट वजन ठेवा. कागद ओढून घेणाऱ्या स्कॅनरमध्ये घालू नका, रंगाला तडे जातात.

सेटिंग: ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके), सेव्ह टिफ फाइलमध्ये. ऑटो कलर, ऑटो एक्स्पोजर, शार्पनिंग, सगळं बंद. हे ऑटो चालू राहिलं की डाव्या अर्ध्यात पाणी कमी आणि उजव्यात जास्त, त्यामुळे मशीन दोन्हीकडे रंग वेगळा लावतं आणि तुमचं एकसारखं आभाळ दोन रंगाचं होतं. झेरॉक्सच्या दुकानात करून घेणार असाल तर शेजारी उभं राहून बंद करायला लावा.

मोबाईलने करायचंच असेल तर ढगाळ दिवस, पडवीतला उजेड, फ्लॅश नाही, वाइड लेन्स नाही (कडेच्या चौकटी ताणल्या जातात), दोन एक्स झूमवर लांबून, आणि स्क्रीनवर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करून.

टप्पा ७: चौकटी सुट्या करणं

६०० डीपीआयला ५ बाय ७ ची चौकट साधारण १,१८१ बाय १,६५४ पिक्सेल येते. कापताना सगळ्या १,१६० बाय १,६३० ठेवा म्हणजे टेपचा कच्चा काठ जातो. नावं आकड्याने, कमान-४० ते कमान-५७, नाहीतर नंतर क्रम लावता लावता रात्र जाते.

चौकटी एकमेकींवर ठेवून जुळवताना चौकटीचा कोपरा धरा, कमान धरू नका. कमानीवर कमान तंतोतंत बसवली की हाताची सगळी थरथर मरते आणि मग हाताने काढलं कशाला? डाग, ब्रशचे केस, पेन्सिलची खूण यातलं काय साफ करायचं ते अठराही चौकटींना एकच लावा. माझं मत, धूळ काढा, बाकी राहू द्या.

टप्पा ८: स्क्रीनवर तीन रस्ते

तिन्ही करायलाच पाहिजेत असं नाही. विषयाला शोभेल तो घ्या.

*लूप.* १८ चौकटी म्हणजे १८ फ्रेम. सेकंदाला १२ ने चालवल्या तर दीड सेकंदात पूर संपला, फारच घाई. प्रत्येक फ्रेम दोन-तीन वेळा धरा. आणि ५७ वरून एकदम ४० वर उडी गेली की बघणारा दचकतो, ते नको असेल तर उलट्या क्रमाने परत आणा. परत येताना ५७ आणि ४० पुन्हा घालायचे नाहीत, म्हणजे १८ अधिक १६ अशा ३४ फ्रेम. दोन्ही टोकं डबल घातली की तिथे लूप अडकल्यासारखा वाटतो, ही चूक फार कॉमन आहे. सेव्ह एमपी-फोरमध्ये करा, जिफमध्ये २५६ च रंग मिळतात आणि मातकट पाण्यात पट्टे पडतात.

*कोडने ग्रिड.* प्रोसेसिंग किंवा पी-फाइव्ह-जेएस, कोड लिहून चित्रं करायची साधनं, दोन्ही फुकट. अठराही इमेज लोड करून शेकडो घरांच्या ग्रिडमध्ये मांडायच्या. इथे सगळे सरळ रँडम लावतात आणि एकच चौकट शेजारी-शेजारी तीनदा येते, मग ते रँडम न वाटता बिघडल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा अठरांचा गठ्ठा पत्त्यांसारखा पिसा, सगळा वाटून झाला की परत पिसा. आणि रँडम सीड, म्हणजे प्रोग्राम ज्या आकड्यावरून पिसायला सुरुवात करतो तो, ठरवून लिहून ठेवा, नाहीतर आज स्क्रीनवर आलेली सुंदर मांडणी प्रोग्राम बंद केल्यावर परत कधीच येणार नाही.

विस्कटायचं किती? थोडंच. चित्रकार व्हेरा मोल्नारने १९७४ मध्ये कॉम्प्युटर आणि प्लॉटर (पेनने रेघा काढणारं मशीन) घेऊन एकात एक चौकोनांच्या ग्रिड काढल्या आणि त्यांच्या रेघा जरा जरा हलवल्या, त्या बघा. ग्रिड अजून ग्रिड म्हणून दिसते तोपर्यंतच बिघाड दिसतो. सगळंच हललं की बिघाड कशात झाला तेच राहत नाही.

*टाइल.* म्हणजे शेजारी-शेजारी लावत गेलं की सलग दिसणारा तुकडा, कापडावर किंवा भिंतीवर पसरवायचं असेल तर. एक चौकट नको, निदान सहा चौकटींची एक टाइल करा. क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये डब्ल्यू दाबलं की रॅप अराउंड मोड चालू होतो, कडा जुळतात का ते लगेच दिसतं. फोटोशॉप-गिम्पमध्ये ऑफसेट वापरून रुंदी-उंचीच्या निम्म्याने सरकवा, जोड मधोमध येतो, तिथे दुरुस्त करा.

तपासा: टाइल पाच बाय पाच पसरवून झूम दहा टक्क्यांवर न्या आणि डोळे बारीक करून बघा. एखादी चौकट थोडी जास्त गडद असेल तर तिच्या तिरक्या रांगा पानभर दिसायला लागतात. जवळून कधीच कळत नाही हे. तेवढी चौकट बदला किंवा पुढचा उभा पट्टा निम्म्या टाइलने खाली सरकवा.

टप्पा ९: प्रिंट

स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणून रंग ठरवा. फुल ब्राइटनेसवर ठरवलेलं पाणी प्रिंटमध्ये डांबर होतं. पूर्ण प्रिंटच्या आधी ए-फोरवर ४०, ४८ आणि ५७ या तीनच चौकटी काढून बघा, कारण फिकट, मधला आणि गडद तिन्ही त्यात येतात. फ्लेक्सवाल्याकडे नको, त्याचं माध्यम लांबून बघायच्या बोर्डाचं. मॅट आर्ट पेपर सांगा, ग्लॉसी नाही. आणि दुकानदार ‘जरा कॉन्ट्रास्ट वाढवून देतो’ म्हणाला तर नको म्हणा, मनापासून म्हणतो तो, पण ५४ नंतरची पाण्याखालची कमान त्यात पहिली जाते.

डिजिटल प्रिंट किती काढणार हे विकायच्या आधी ठरवून मागे पेन्सिलने १/१० (दहातली पहिली) असं लिहा, सोबत सीडचा आकडा. मूळ पान मात्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सरळ घालू नका, पावसाळ्यात ॲक्रिलिक प्लास्टिकला चिकटतो, मधे बटर पेपर पाहिजे. सांगलीच्या गावभागात, नदीकाठच्या जुन्या वस्तीत, राहत असाल तर तळमजल्यावर ठेवू नका हे वेगळं सांगायला नको. टप्पा १ चा नियमाचा कागद त्याच फोल्डरमध्ये ठेवा, पुढची सिरीज सुरू करताना त्यातली एकच ओळ बदलायची असते.